ताऱ्यासमोर धरलेला हात

मित्रांनो, मी एक जुनी, आरशाची दुर्बीण आहे. उंचीने तुमच्या कमरेइतकी आणि स्वभावाने जरा तिरसट. आजवर मी समोर नसलेली गोष्ट कधी दाखवली नाही. निदान त्या संध्याकाळपर्यंत तरी नाही.

एका घड्याळजीने मला घडवलं. काचेवर काच घासत त्याने तीन महिन्यांत माझा आरसा केला. "एवढी भांडी घासली असती, तर घर लखलखलं असतं," असं त्याची बायको म्हणायची. त्याच्या लेकीने पहिल्यांदा शनीची कडी पाहिली, तेव्हा ती माझ्या तोंडाशी जाऊन बघून आली, बाबांनी चित्र तर चिकटवलं नाही ना. मला तिचा रागच आला होता.

माझी एक खोड आहे. धक्का लागला की माझा आरसा तिरका होतो आणि ताऱ्यांना शेपट्या फुटतात. मग आरशामागचे स्क्रू फिरवावे लागतात, आणि ते काम दोघांचं. एकाने डोळ्याकडची नळी मागेपुढे करून तारा मुद्दाम पसरट, ताटलीसारखा करायचा आणि डोळा लावायचा. दुसऱ्याने माझ्या तोंडासमोर हात धरायचा. ताटलीची जी बाजू दबलेली असेल, तिच्यावर हाताची सावली येईपर्यंत तो सरकवायचा. हात थांबेल त्या बाजूचा स्क्रू फिरवायचा. लेक डोळा लावायची आणि बाप हात धरायचा, अंगठा आत दुमडून.

गेल्या वर्षी घड्याळजी वारला. त्याची आठवण नीट राहावी म्हणून बायकोने माझा आरसा काढला, कोरड्या फडक्याने रगडून पुसला आणि सगळे स्क्रू जीव खाऊन आवळले. करायला गेली एक आणि झालं भलतंच. माझे सगळे तारे शेपटीवाले झाले.

पुढे घर बदलायचं ठरलं. लेकीचा थोरला भाऊ तिला म्हणाला, "उद्या भंगारवाला येतोय. आज एक तारा नीट दाखव, नाहीतर ही जाणार." तिचा चेहरा उतरला. बापाच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं.

दिवेलागणीलाच तिने मला गच्चीवर ठेवलं. "आई, वर ये ना, हात धरायला."

"दूध ठेवलंय गं. आलेच," जिन्याखालून उत्तर आलं.

तिने तारा पसरट केला. थोड्या वेळाने ताटलीत सावली आली.

"जरा डावीकडे, आई."

सावली सरकली. थंडीत गरम हातावरची हवा थरथरत वर जाते. तीही दिसत होती. अंगठा आत दुमडलेला होता. माझ्यासमोर मात्र कुणीच उभं नव्हतं. माझ्या पत्र्यावर दव साचलं. तुमच्यात याला घाम फुटणं म्हणतात.

डोळा न हलवता तिने हात लांबवून एक स्क्रू सैल केला, दुसरा किंचित आवळला. ताटली सगळीकडून सारखी झाली.

"झालं. काढ आता हात."

हात लगेच बाजूला झाला. तिने तारा बारीक केला. टाचणीच्या टोकाएवढा, बिनशेपटीचा.

"अंगठा दुमडायला तुला कुणी शिकवलं गं?" तिने विचारलं.

"काय म्हणालीस?" आवाज खालून आला. "थांब, आत्ता गॅस बंद केला."

तिने सावकाश मान वळवली. गच्चीवर कुणी नव्हतं.

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. नव्या घरात मला खिडकीजवळची जागा मिळाली. माझ्यात काही बिघाड नसला तरी ती रोज संध्याकाळी तारा पसरट करते आणि बघत बसते. ताटलीत सावली येत नाही. मला तिची फार दया येते.

मित्रांनो, दुर्बिणीचा आरसा फडक्याने रगडू नका, धूळ हलकेच रबरी फुंकणीने उडवा. हे कुणीही शिकेल. पण तुमच्यासाठी थंडीत कुणी हात धरून उभं असेल, तर "काढ" म्हणण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा. त्या बापाने लेकीचा शब्द कधीच मोडला नव्हता.