दोन बोल्ट

"हे दोन चुकीचे आहेत," छोटा आरसा जुन्या गाडीच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला धरून परीक्षक ट्रेंट कोलिअर म्हणाला. "पाण्याच्या पंपाचे. चारही बोल्टच्या डोक्यावर एकच अक्षर हवं. या दोन्हींवर ट्रकच्या बोल्टचं आहे. नंतर कोणीतरी बदललेत."

"कोणी नाही बदलले," व्हर्जिल हॅडली म्हणाला. "सत्तर सालच्या फेब्रुवारीपासून ते तिथेच आहेत."

"कारखान्यात असं होत नसे, मिस्टर हॅडली."

"पोरा, तुझा जन्म कधीचा?"

"पंच्याऐंशीचा. पण माझ्याकडे कारखान्याची सगळी नियमावली आहे."

व्हर्जिलने त्या कारखान्यात एकतीस वर्षं इंजिनं जोडली होती. ही गाडी त्याने स्वतःसाठी तिथेच नोंदवली होती, आणि तिचं इंजिन जोडणीच्या लाइनवर आलं तेव्हा शेजारी काम करणाऱ्या लमारने त्यावर खडूने 'व्हर्जची बाई' असं लिहिलं होतं. नेमकी तेव्हाच बोल्टची पेटी रिकामी झाली. फोरमन ओरडत होता आणि लाइन थांबवायची सोय नव्हती. लमार धावत पलीकडच्या ट्रकच्या लाइनवर गेला आणि मूठभर बोल्ट घेऊन आला; पंपाचे उरलेले दोन त्यानेच आवळले. पुढे दर थँक्सगिव्हिंगला टर्कीचा तुकडा तोंडात ठेवून तो म्हणायचा, "व्हर्ज, तुझी गाडी अडली ना, तर माझे दोन बोल्टच तिला घरी ओढून आणतील!"

लमारला जाऊन सहा वर्षं झाली होती. कारखान्याच्या जागी आता तारेचं कुंपण होतं आणि आत गवत. गावातल्या संग्रहालयाने मात्र कारखान्यासाठी एक दालन काढलं होतं. व्हर्जिलची गाडी ते तिथे ठेवणार होते, पाटीवर त्याचं आणि लमारचं नाव घालून. अट एकच होती: गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे, असं प्रमाणपत्र हवं.

"रंग बघ ना," तो कोलिअरला म्हणाला. "बोल्टवरसुद्धा इंजिनाचाच रंग आहे, कारखान्यातच मारलेला."

"रंग कोणीही मारू शकतं," कोलिअर शांतपणे म्हणाला आणि कागदावर फुली मारली. "पुढच्या महिन्यात परत आणा."

शनिवारी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एका विक्रेत्याने प्लास्टिकचा डबा उघडून दाखवला. बोल्टवर अक्षर बरोबर होतं, डोक्यावरचा खळगाही.

"कधीचे?" व्हर्जिलने विचारलं.

"गेल्या वर्षीचे. तैवानहून येतात. बिनधास्त न्या, काका, एकही परीक्षक ओळखत नाही."

घरी आल्यावर त्याने लमारच्या पहिल्या बोल्टला पाना लावला. तो हलेना. लमारने आवळलेलं कधी सहज सुटत नसे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शरीराचा सगळा भार टाकला, तेव्हा कट्कन आवाज झाला आणि रंगाचा पापुद्रा उडाला. दुसराही तसाच निघाला. मग त्याने नवे बोल्ट बसवले. नेमकं किती आवळायचं ते हाताला अजून ठाऊक होतं. बारीक ब्रशने त्यांच्या डोक्यांना रंग लावला.

पुढच्या महिन्यात कोलिअरने आरसा फिरवला आणि हसून हात पुढे केला. "आता कशी, जशी निघाली तशी!"

दालन उघडलं त्या दिवशी गाडीचं बॉनेट उघडंच ठेवलं होतं. पाटीवर दोन्ही नावं होती आणि खाली लिहिलं होतं: 'प्रत्येक बोल्ट मूळचा.' व्हर्जिलने कोटाच्या खिशातून लमारचे बोल्ट काढून संग्रहालयाच्या डोनाबाईंना दाखवले आणि काचेच्या कपाटात ठेवता येतील का, असं विचारलं.

"याच गाडीचे आहेत?"

तो पाटीकडे बघत राहिला. "नाही," शेवटी म्हणाला.

"मग राहू द्या, मिस्टर हॅडली. उगाच गोंधळ होईल."

एवढ्यात वर्तमानपत्राची फोटोग्राफर जवळ आली. "आजोबा, इंजिनातला तुम्ही स्वतः बसवलेला एखादा भाग दाखवा ना. बोट ठेवा त्यावर."

व्हर्जिल वाकला. पाण्याच्या पंपापाशी त्याचं बोट क्षणभर थांबलं.

"हे दोन," तो म्हणाला. "हे मी बसवले."

"वा! जरा हसा की!"

दुसरा हात त्याने खिशातच ठेवला.