पिवळी झाक

"ताई, बाकीचे सगळे जमले. हा एकटाच कसा पिवळा राहिला?"

महेंद्र भारतीच्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. फोटो लॅब त्याच्या वडिलांनी काढलेली, पण कॉम्प्युटर त्याने आणलेला, आणि फ्लॉपीवर फोटो काढणारा तो जाडजूड कॅमेराही. नगरमध्ये तेव्हा, अठ्ठ्याण्णव साली, असा कॅमेरा फारसा कुणाकडे नव्हता. म्हणूनच सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ओळखपत्रांचं काम त्याला मिळालं होतं. महेंद्रने शेडमध्येच पांढरी चादर बांधून एकेका कामगाराचा फोटो काढला होता. शेडच्या छपरात उजेडासाठी हिरवे प्लास्टिकचे पत्रे, त्याखाली ट्यूबलाइट. सगळे कामगार आजारी बेडकांसारखे हिरवट आले होते.

ही झाक काढणं भारतीचं काम होतं. चादर पांढरी आहे हे तिला माहीत होतं. त्या चादरीवर नेम धरून बटण दाबायचं, म्हणजे कॉम्प्युटर चादर पांढरी करायचा आणि तिच्यासोबत माणसाची कातडीही जागेवर यायची. मग हिरवा आणखी थोडा उतरवायचा, लाल किंचित चढवायचा. एकापाठोपाठ एक सावळे, गव्हाळ, रापलेले चेहरे आपापल्या रंगात परत आले. हा मात्र आला नाही. चादर पांढरी झाली, सदऱ्याची कॉलर पांढरी झाली, आणि डोळ्यांतला पांढरा भाग हळदीचं बोट फिरवल्यासारखा तसाच राहिला.

"फोटो पिवळा नाहीये," भारती म्हणाली. "माणूस पिवळा आहे."

महेंद्र वाकून बघू लागला. "कावीळ?"

"असेल."

तो सरळ झाला. "असं करा, डोळे पांढरे करून टाका तेवढे. उद्या कार्डं द्यायचीत. एकाच्या फोटोपायी सगळी परत यायला नकोत."

त्याचं चुकत नव्हतं. भारतीने डोळे पांढरे केले, गालांवरचा पिवळा खाली घेतला. फोटो चांगला झाला. खाली नाव टाइप केलं: सहादू. पण त्याआधी, का कोण जाणे, तिने मूळ रंगातली एक प्रत छापून पर्समध्ये ठेवली.

भारतीची चाळिशी जवळ आली होती. लग्नानंतर दोन वर्षांतच ती माहेरी, राहुरीला परत आली होती. वडील कृषी विद्यापीठात शिपाई होते. ते होते तोवर घर होतं; ते गेले आणि क्वार्टर सोडावं लागलं. आता नगरला दिल्ली गेटच्या आत एका घराच्या माडीवर तिची खोली होती. भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि वडिलांचा फोटो, कोपऱ्यात स्टोव्ह. सकाळी डबा भरायचा, लॅबमध्ये जायचं, संध्याकाळी यायचं.

दिवसभर ती लोकांचे चेहरे बघायची, इतक्या जवळून की त्यांच्या घरच्यांनीही कधी पाहिले नसतील. कुणाच्या हनुवटीवर टाक्याची खूण आहे, हळदीच्या दिवशी कुठल्या नवरीचे डोळे रडून सुजले होते, तिला सगळं ठाऊक. एकदा भाजीबाजारात एक मुलगी समोरून आली. आठवडाभर तिच्या लग्नाचे फोटो केलेले. भारती सवयीने हसली, "कशी आहेस?" म्हणायला तोंडही उघडलं. मुलगी तिच्याकडे बघत बघत पुढच्या गाड्याकडे निघून गेली. तेव्हापासून भारती बाजारात मान खाली घालून भाजी घ्यायची.

कार्डं गेली. तीन-चार दिवस तिने विषय मनातून काढायचा प्रयत्न केला. त्याच्या घरच्यांनी पाहिलं असेल, बायको असेल, कुणीतरी म्हणालं असेल. मग स्वतःचीच आठवण झाली. मागच्या उन्हाळ्यात तिला आठवडाभर ताप होता आणि ते तिच्याखेरीज कुणालाही कळलं नव्हतं.

सोमवारी लॅब बंद असायची. ती माळीवाडा स्टँडवरून पुण्याकडे जाणाऱ्या साध्या गाडीत बसली आणि सुप्याला उतरली.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. दुपारची पाळी सुरू व्हायची वेळ, पाच-सहा कामगार बाहेर तंबाखू मळत उभे होते.

"सहादू? कोन तुमी त्याच्या?"

"कोणी नाही. नगरच्या फोटो लॅबमधून आलेय."

"कार्डं तर मिळाली की समद्यांला."

"त्यांच्याशीच बोलायचंय."

मळणाऱ्यांपैकी एकाने आतल्या बाजूला हाक मारली, "सहादू, तुझी पाव्हनी आली रे नगरची." बाकीचे हसले.

तो चिंधीला हात पुसत आला. भारतीला वाटलं होतं त्यापेक्षा बुटका. तिने त्याला छातीपर्यंतच पाहिलं होतं. पस्तिशीचा असेल. गळ्यात कार्ड लोंबत होतं. कार्डावरचे डोळे पांढरेशुभ्र, आणि त्याच्या वर, उघड्या उन्हात, ते खरे डोळे. फोटोपेक्षाही पिवळे झालेले.

"मी तुमचा फोटो केलाय," ती म्हणाली. कसं सांगायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं विसरली. "तुमचे डोळे पिवळे झालेत."

त्याने कार्ड उचलून बघितलं. "ह्याच्यात तर बरं हायेत की."

"ते मी पांढरे केले. हे बघा." तिने पर्समधली प्रत काढली. "हा खरा."

त्याने तो फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. "शेडातला उजेडच तसा हाय, बाई. तिथं समदंच हिरवंपिवळं दिसतं."

"बाकीच्यांचे डोळे नाही तसे आले. त्याच चादरीपुढे उभे होते सगळे. भूक लागते का तुम्हाला?"

"भूक…" तो थांबला. "म्हैना झाला, जेवन जात न्हाई. अंगबी खाजतंय रातभर. म्हनलं पत्र्याची धूळ असंल."

"घरी कुणी बोललं नाही?"

"घर तिकडं तिसगावपल्याड. पेरनीला गेल्तो, तवा बरा हुतो. हितं खोलीत तिघं हाओत, पन पाळ्या येगळ्या. मी येतो तवा एक झोपल्याला असतो, एक कामावर गेल्याला."

"मग आजच सिव्हिलला चला. नगरला गाड्या सारख्या आहेत."

वॉचमन ऐकत होता. "कावीळ हाय व्हय? माळ घालून घे की. उतरती माळंनं," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने खुर्ची हातभर मागे ओढली. तंबाखू मळणारे आता हसत नव्हते. ज्याच्या हातात चुन्याची डबी होती त्याने ती खिशात टाकली. डबीसाठी सहादूने पुढे केलेला हात तसाच राहिला, मग त्याने तो पँटला पुसला.

भारतीने हे सगळं पाहिलं. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं.

"जाईन मी," सहादू म्हणाला. मग एक पाऊल जवळ येऊन, फक्त तिला ऐकू जाईल असं, "बाजूला घिऊन बोलला असता, तरी चाललं असतं."

तो आत गेला. फोटो त्याच्याच हातात राहिला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. कामरगावपर्यंत तिला रडू येईलसं वाटत होतं, आलं नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या सांगण्यावरून महेंद्रने कारखान्यात फोन केला तेव्हा कळलं, सहादू काम सोडून गेला होता. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं.

डबा खाऊन झाल्यावर ती दोनदा सिव्हिल हॉस्पिटलात गेली. पुरुषांच्या वॉर्डात खाटांच्या मधून चालत एकेक चेहरा बघितला. दुसऱ्या वेळी सिस्टरने हटकलं, "कोण पाहिजे? नात्यातले आहेत का?"

"नाही," भारती म्हणाली.

"मग भेटीच्या वेळेला या."

ती पुन्हा गेली नाही. गणपती झाले, दसरा, दिवाळी झाली. लग्नसराई सुरू झाली आणि पडद्यावर मांडवाच्या कापडाने लालभडक झालेले वऱ्हाडी यायला लागले. कधी काम करता करता तिचा हात थांबायचा. त्या माणसाला तिने चारचौघांत उघडं पाडलं होतं. वाचला असेल तर तो तिला शिव्या देत असेल. नसेल वाचला, तर तेही तिला कुणी सांगायला येणार नव्हतं.

पौषात एका दुपारी महेंद्र बँकेत गेला होता. काचेचा दरवाजा ढकलून एक माणूस आत आला आणि पायपुसण्यावरच उभा राहिला. हाडं वर आलेली, अंगात सदरा ढगळ झालेला, काखेत फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं. भारतीने आधी डोळे बघितले, पांढरे होते. मग त्याला ओळखलं.

"बसा ना," ती उठून म्हणाली.

"न्हाई, पाय मातीचं हायेत. सिव्हिलला आल्तो पोट दाखवाय." त्याने पोटावर हात ठेवला. "पित्ताच्या नळीत खडा हुता. कापून काढला. भादव्यात."

"मी आले होते बघायला. सापडला नाहीत."

"तवा आदी घरीच गेल्तो. त्या दिशी तुमी गेल्या, आन् पोरांनी माझं हातरून खोलीभाईर टाकलं. लागंल म्हनून. मुकादमानं दुसरा मानूस घेतला. मंग गावाकडं माळ घातली, उतारा केला. शेवटाला बायकोनं त्यो फोटू बघितला आन् हितं घिऊन आली."

भारती टेबलाची कड धरून उभी होती. "तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

"व्हय, गेली," तो सरळ म्हणाला. "लई राग हुता तुमचा. खाटंवर पडल्या पडल्याबी हुता." मग म्हणाला, "डाक्टर म्हनला, आनखी थांबला असतास तर अवघड हुतं. आता शेजाऱ्याचं रान करतो निम्म्यानं. बरं चाललंय."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला तेव्हा काचा थरथरल्या. सहादूने पुढे येऊन गाठोडं टेबलावर सोडलं. हरभऱ्याचे डहाळे होते, घाट्यांनी लगडलेले, मुळांना अजून माती.

"बायकोनं दिल्यात. सकाळीच उपाटल्यात. पोरं खात्याल म्हनली."

"पोरं नाहीत. मी एकटीच असते."

सहादूने मान हलवली. फडकं झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडून दुसरी घडी घातली.

"मंग फागुनात मढीला या यात्रंला. आमचं घर वाटंवरच हाय. तिसगावच्या फुडं माझं नाव इचारा."

"आणि कोण आलंय म्हणून सांगू?"

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "फोटूवाल्या ताई म्हना," तो म्हणाला. "घरात ठाव हाय."

पाथर्डीची गाडी गाठायची होती, म्हणून चहाला थांबला नाही. भारती पायरीपर्यंत गेली. तो वळणापर्यंत एक हात पोटावर ठेवून सावकाश चालत गेला.

संध्याकाळी तिने डहाळे खोलीवर नेले. एकटीला चार दिवस पुरले असते एवढे होते. ट्यूबलाइट लावली तेव्हा घाटे निळसर दिसायला लागले, म्हणून ती सगळा भारा उचलून बाहेर गॅलरीत आली. अजून उजेड होता. कठड्याला टेकून ती जमिनीवर बसली आणि एकेक घाटा तोडून, सोलून खाऊ लागली. डहाळ्यांवरच्या आंबेने बोटं आंबट झाली. खाली शाळेतून आलेली पोरं ओरडत होती, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होत होती. उजेड पार जाईपर्यंत ती तिथेच बसून होती, मांडीवर टरफलांचा ढीग घेऊन.