मास्कपायी गेलेली मिशी

लग्नाच्या फोटोत नवऱ्याला चांगली झुपकेदार मिशी होती. पुढे तो बेटावर पर्यटकांना समुद्राखाली न्यायच्या कामाला लागला आणि मिशी वस्तऱ्याखाली गेली. ओठावर केस असले की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, पाणी आत शिरतं. "त्या मेल्या मास्कपायी सोन्यासारखी मिशी गेली! ठेवा ना पुन्हा," म्हणून बायको वीस वर्षं मागे लागली होती. तो हसण्यावारी न्यायचा.

आता दोन महिने तो अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा मास्क ती गोड्या पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून उशाशी ठेवायची आणि रोज त्याची दाढी करायची.

"ओठावर एकही केस ठेवू नकोस," तो बजावायचा.

आज मात्र वस्तरा ओठाशी येताच त्यानं तिचा हात धरला.

"राहू दे. तुला आवडते ना? वाढू दे आता."

"भलतंच काय!" ती कशीबशी म्हणाली. "मास्कमध्ये पाणी नाही का शिरणार?"

आणि तिनं त्याच्या ओठावर पुन्हा साबण लावला.