ज्यावर पिशव्या बसल्या तो बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे. एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, डॉक्टरांच्या खोलीच्या दाराला लागून मला ठेवलं आहे. मित्रांनो, बाक बोलायला लागला म्हणजे आता हा आपलं दुःख सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मला दुःख होत नाही. मी लाकूड आहे. जे झालं तेवढं सांगतो.

बाक होण्याआधी मी डोंगरावरचं एक झाड होतो. पार पलीकडच्या डोंगरावर एक झरा आहे, त्याच्या काठाशी उभा होतो. एक दिवस ठेकेदार आला, माझ्या अंगावर खूण करून गेला. तोडायला माणसं लावली ती तिथलीच, डोंगरातली. त्यांनीच मला आडवं केलं आणि त्यांनीच खांद्यावर घालून खाली आणलं, कारण तिकडे गाडी जात नाही. रस्ता मंजूर आहे म्हणतात. मंजूर रस्त्यावरून चालता येत नाही, एवढंच.

खाली एका सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं. एक पाय आखूड राहिला, तर त्याने त्याखाली पाचर ठोकली, वर बसून दोन्ही बाजूंनी हेलकावा देऊन पाहिला आणि म्हणाला, "आता हत्ती बसवा." माझं पहिलं कौतुक ते. नवीन होतो तेव्हा येणारा जाणारा माझ्यावरून हात फिरवायचा. आताच्या खुर्च्यांना ही मजबुती नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या.

डोंगरातल्या माणसांना आमच्या गावात 'वरचे' म्हणतात. नाव वरचे आणि जागा खाली. ते माझ्यावर बसत नाहीत. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. दवाखान्याचा वॉचमन, ज्याला सगळे मामा म्हणतात, तो फक्त एवढंच म्हणायचा, की तुमचे पाय मातीचे आहेत, बाक आत्ताच पुसलाय. गावातल्यांचेही पाय मातीचेच असायचे. पावसाळ्यात तर गुडघ्यापर्यंत. त्यांना कुणी काही म्हणत नसे. मला खांद्यावरून उतरवणारी माणसं माझ्या पायाशी फरशीवर बसली, हे मी माझ्या पहिल्याच आठवड्यात पाहिलं. नंतर सवय झाली. लाकडाला लवकर होते.

रोज येणारे एक तात्या होते. नोकरीतून निवृत्त झालेले, रक्तदाब तपासायच्या निमित्ताने गप्पा मारायला यायचे. आपली कापडी पिशवी ते शेजारी ठेवायचे. व्हरांडा कितीही भरला तरी पिशवी बसलेलीच असायची. डॉक्टरपेक्षा हा बाक बरा, निदान पथ्य तरी सांगत नाही, हा त्यांचा विनोद. लोक दरवेळी नव्याने हसायचे.

एका सकाळी दवाखाना उघडायच्या वेळेला एक बाई आली. वरचीच. पाठीला कापडात बांधलेली मुलगी, एरवी चालती बोलती असावी एवढी मोठी, पण तापाने मान टाकलेली. बाईच्या पायाला दगडाचं लागलं होतं, रक्त सुकलं होतं. ती मामाजवळ गेली आणि म्हणाली, "आम्ही पार पलीकडच्या डोंगरावरून आलोय."

मामा म्हणाला, "बरं. खाली बसा."

ती बसली. मुलीला मांडीवर घेतलं आणि दाराकडे तोंड करून निश्चिंत बसली. निश्चिंत हा शब्द मी विचार करून वापरतोय. व्हरांड्यात एवढं निश्चिंत दुसरं कुणी नव्हतं.

त्याचं कारण तिथे फक्त मला कळत होतं. मी तिच्या डोंगरावरचा. उन्हाळ्यात तो झरा दोऱ्याएवढा होतो. हंडे ओळीने लागतात. पण कुणी नवीन बाई आली आणि म्हणाली, मी अमक्या डोंगरावरून आले, की जी सगळ्यात लांबून आली तिला पुढे सोडतात. बाकीच्या आपापले हंडे मागे ओढतात. ती विनवत नाही. एकदा कुठून आलो ते सांगायचं आणि उभं राहायचं. दुसऱ्यांदा सांगणं वाईट दिसतं, समोरच्यांच्या माणुसकीवर शंका घेतल्यासारखं होतं.

तर तिने सांगितलं होतं. आता तिला हाक येणार होती.

आतून नर्सबाईने विचारलं, पुढे कोण? एक दुकानदार उठला, त्याला रात्रीपासून करपट ढेकर येत होते. मग एका तरुणाला कसल्याशा दाखल्यावर नुसती सही हवी होती. नुसती सहीच आहे हो, म्हणत तो सगळ्यांच्या अंगावरून आत घुसला. मग खोकणाऱ्या एक काकू. प्रत्येक वेळी ती बाई मान वर करायची, आणि प्रत्येक वेळी स्वतःचे पाय जवळ ओढून जाणाऱ्याला वाट करून द्यायची. हा आपल्यापेक्षा लांबून आला असेल, असं ती धरून चालली होती.

मुलीने पाणी मागितलं. मामाने माठातलं पाणी वरून ओंजळीत ओतलं. बरंचसं सांडलं. त्याने पेला दिला नाही. मग मुलगी कण्हायला लागली, तशी तात्यांनी पिशवी थोडी पलीकडे सरकवली, स्वतःच्या बाजूला.

बाईने त्यांना विचारलं, "तुम्ही कुठून आलात, बाबा?"

"मी? हा समोरच्या गल्लीतून," तात्या म्हणाले. "चपला नाही घातल्या तरी चालतं."

दोघं तिघं हसले. ती हसली नाही. ती तात्यांकडे बघत राहिली. रागाने नाही. गणित चुकल्यावर तुम्ही पाटीकडे बघता तसं. तेवढ्यात नर्सबाईने पुढे कोण म्हणून विचारलं आणि तात्या उठून आत गेले. पिशवी माझ्यावरच होती.

ते बाहेर आले तोवर मुलगी कण्हायची थांबली होती. पिशवी उचलता उचलता तात्या म्हणाले, बघ, उतरला ना ताप, उगाच घाबरता तुम्ही. वाईट माणूस नव्हते ते. त्यांना खरंच तसं वाटलं.

डॉक्टर चहाला म्हणून बाहेर पडले तेव्हा त्यांचं खाली लक्ष गेलं. त्यांनी मुलीच्या मानेला हात लावला, तिला उचललं आणि आत पळाले. आत बराच वेळ भांड्यांचा, धावपळीचा आवाज येत होता. मग आवाज बंद झाला. नळ सुरू झाला आणि खूप वेळ सुरूच राहिला. डॉक्टर बाहेर आले ते ओल्या हातांनी. ते बाईजवळ उकिडवे बसले.

"बाई, आधी सांगायचं ना."

ती म्हणाली, "सांगितलं की. लांबून आलोय म्हणून सांगितलं."

डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं. मामा फरशीकडे बघत म्हणाला, "ते तर सगळेच सांगतात, साहेब."

तिने मुलीला पुन्हा पाठीला बांधलं. येताना बांधली होती तशीच गाठ मारली. गाडी रस्ता संपतो तिथपर्यंत सोडेल, असं डॉक्टर म्हणाले. ती पायरी उतरली आणि चालायला लागली.

मग मुलगी कशी गेली याची चौकशी करायला साहेबलोक आले. माझ्यावर ओळीने बसले, फोटो काढले. वरचे लोक लाजतात, बोलत नाहीत, त्यांच्यात जागृती नाही, असं त्यांचं ठरलं. भिंतीवर बाईचं आणि मुलाचं चित्र रंगवलं, खाली लिहिलं, 'आजार लपवू नका'. रंग उरला तो मला दिला. म्हणून मी निळा आहे.

पलीकडच्या डोंगरावरून त्यानंतर कुणी आलं नाही. पुढच्या तपासणीला आलेले साहेब यावर खूश झाले. म्हणाले, तिकडचे पेशंट एकदम घटले, चांगलं काम झालंय. दवाखान्याला एक ढाल मिळाली. ती डॉक्टरांच्या खोलीत आहे. डॉक्टर तिच्याकडे पाठ करून बसतात.

आता मी म्हातारा झालो. रंगाचे पोपडे निघतात, मधली फळी तडकली आहे. मित्रांनो, अशा वेळी बाकाने तुम्हाला विनवायचं असतं, की आमच्यावर रेघोट्या ओढू नका, आमची निगा राखा. ओढा खुशाल. नाव कोरायचं तर कोरा. माझी निगा पुष्कळ राखली गेली आहे. माझ्यावर माती लागू नये म्हणून माणसांना फरशीवर बसवलं होतं.

तुम्ही कधी दवाखान्यात जाल. व्हरांड्यात कुणीतरी खाली बसलेलं असेल, गप्प. त्याला विचारा, कुठून आलात? मग जे उत्तर येईल ते ऐका, आणि तुमचा नंबर असला तरी दारातून बाजूला व्हा. जागा द्यायची तर आधी उठावं लागतं. मला उठता येत नाही. तुम्हाला येतं.