नातीचं दुपटं

"आई, दुपटं कुठंय?" मी पुण्याहून जर्मनीला तिच्याकडे आले त्याच दिवशी माझी बॅग उपसत इराने विचारलं.

"नाही आणलं. इथल्या दुकानांत काय कमी मिळतात?" माझं तोंडच फटकळ. लेक हिरमुसली.

खरं कारण मला सांगवेना. इराचा पहिला मुलगा नील माझ्या जुन्या पातळाच्या दुपट्यातच, आठ महिन्यांचा असताना आम्हाला सोडून गेला. पेशींना ताकद देणारी मायटोकॉन्ड्रिया सदोष, आणि हा दोष आईकडूनच येतो, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे इराकडून. आणि इराला कुणाकडून? माझ्याकडून! तेव्हापासून माझं काही म्हणून तिच्या लेकराला लागू नये, असंच वाटायचं.

जर्मनीत दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्यायला कायद्याने बंदी. म्हणून इरा आणि जावई रुपेश नोकऱ्या बदलून इंग्लंडला राहिले. तिथल्या डॉक्टरांनी या दोघांच्या गर्भातला गाभा उचलून एका अनोळखी बाईच्या, स्वतःचा गाभा काढलेल्या निरोगी बीजात ठेवला; सदोष मायटोकॉन्ड्रिया गाभ्याबाहेर असते, ती मागेच राहावी म्हणून. माझी नात ईप्सिता झाली, आणि तिघं परत जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आले. पण थोडा दोष गाभ्याबरोबर आलाच असेल तर? तिच्या रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी फोनवर कळणार होता.

फोन आला. रुपेश नुसता "जा, जा, गेनाऊ" करत होता. जा म्हणजे हो, गेनाऊ म्हणजे बरोबर, एवढं मला कळतं. पण अरे बाबा, हो कशाला? माझा जीव टांगणीला लागला.

त्याने फोन ठेवला. "अहो आई, काहीच नाही! दोष सापडलाच नाही. उद्या हिला मुलं झाली तरी काळजी नको म्हणाल्या डॉक्टर."

इरा फरशीवर बसकण मारून रडायला लागली. मीही ढसाढसा रडले. मग तिच्यावरच खेकसले, "रडतेस काय? कात्री आण!"

"आता कात्री कशाला?"

मी प्रवासात खांद्याला लावलेल्या पिशवीतून माझं मऊसूत झालेलं पातळ काढलं. न्यायचं नाही म्हणत म्हणत पुण्याहून आणलंच होतं.

"आणलं नाही म्हणालीस ना गं?"

"गप्प बस. माझ्याकडून जायला नको होतं ते गेलं नाही ना? मग हे तरी जाऊ दे."

कात्रीने चीर दिली आणि पातळ टर्रकन फाटलं. ईप्सिताने हात पुढे करून त्याचा काठ ओढला आणि थेट तोंडात घातला. इरा काढायला धावली.

"राहू दे," मी म्हटलं. "चोखू दे तिला."