आशाताईच्या घरची बाळंतीण

नरडाण्याजवळच्या त्या गावात बाळाला मध चाटवायचा असेल तर आधी दाराला आतून कडी लावावी लागे. उघड्या दारी चाटवायला जावं आणि नेमक्या कुंदाबाई येऊन उभ्या राहाव्यात, म्हणजे वाटीही गेली आणि घरातल्या थोरल्या बाईची अब्रूही गेली. अकरा वर्षं कुंदाबाई गावात आरोग्य खात्याच्या आशाताई होत्या. दोनशेच्या वर बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. काजळ नको, नाळेला हळद नको, लगेच आंघोळ नको, पहिलं दूध पिळून टाकायला नको, सहा महिने पाण्याचा थेंब नको. गावच्या सासवा त्यांना पाठीमागे नकोबाई म्हणत. कुंदाबाईंना हे माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. एकही बाळ हातचं गेलं नव्हतं, मग नावं ठेवेनात का लोक!

तर या नकोबाईंची एकुलती एक लेक ज्योत्स्ना पहिल्या बाळंतपणाला जामनेरहून माहेरी आली. गल्लीला आयतीच करमणूक झाली. आता बघू, बाई स्वतःच्या घरात काय दिवे लावतात!

धुळ्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोन किलो सहाशे. टाके पडले, पण बाकी सगळं नीट. तिसऱ्या दिवशी लेक-नात घरी आल्या, तेव्हा कुंदाबाईंची तयारी बघण्यासारखी होती. बाळाला टोपी, मोजे, धुतलेल्या सुती साडीची दुपटी. खाटेसमोर भिंतीवर नवं घड्याळ. खिळ्याला दोरीने बांधलेली वही आणि पेन. दर दोन तासांनी कुंदाबाई आत येत, "लाव तिले छातीले" म्हणत, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. कोणत्या बाजूला पाजलं, किती मिनिटं, मग ढेकर आला का, लघवी कितीदा झाली, सगळं वहीत जाई.

पण वहीत लिहायला फारसं काही मिळेना. बाळ दोनदा ओढल्यासारखं करी आणि झोपून जाई. कुंदाबाई तळपाय चोळत, कानाला गुदगुल्या करत. ज्योत्स्नाला घाम फुटे. दूध काही भरून येईना. आई खोलीत आली की तिचे खांदे आपोआप वर चढत, हे मात्र कुंदाबाईंच्या लक्षात आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष बाळाकडे.

चौथ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर आकडा आला दोन किलो तीनशे ऐंशी. कुंदाबाईंनी काटा बंद करून पुन्हा चालू केला. आकडा तोच. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पहिले काही दिवस थोडं उतरतंच. पण हे जरा जास्त आहे. दर दोन-तीन तासांनी पाजत राहा. बाळ सुस्त वाटलं, अंगावर घेईना झालं तर लगेच निघा. नाहीतर उद्या सकाळी परत मोजा, आणि अजून उतरलं तर घेऊन या, दाखल करावं लागेल."

दाखल! गल्लीतली एक म्हातारी दारातून डोकावून म्हणाली, "कुंदा, वाटीभर गायनं दूध दे ना माय. पोर भुकी शे." कुंदाबाईंनी तिला चार शब्द सुनावून वाटेला लावलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि बाळाच्या तोंडात दूध पिळायला कापसाची वात वळायला लागल्या. वात अर्धी वळून झाल्यावर त्यांना आपलेच हात दिसले. त्यांनी ती चुलीत टाकली आणि पदराने तोंड पुसलं. इतकी भीती त्यांना स्वतःच्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

दुपारच्या गाडीने विहीणबाई आल्या. सुगंधाबाई, ज्योत्स्नाच्या सासूबाई. दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या. कुंदाबाईंनी हसून पिशव्या घेतल्या आणि उचलतानाच आत नजर टाकून चाचपल्या. लाडवांचे डबे, बाळंतशोपा, आणि तळाशी एक छोटी पितळी डबी. घुटी! ओवा, हळकुंड, जायफळ, काय काय उगाळून बाळाच्या तोंडात घालतील आता. कुंदाबाईंनी मनातल्या मनात पदर खोचला.

पण सुगंधाबाई बाळाकडे गेल्याच नाहीत. त्या सुनेच्या उशाशी बसल्या आणि तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "काय व ज्योत्स्ना, ओठ कायले सुकले तुहे? पाणी पेत नही का?"

ज्योत्स्नाने सासूच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. सुगंधाबाई बराच वेळ मान हलवत राहिल्या. मग उठून म्हणाल्या, "विहीनबाई, तुमी थोड्या ओट्यावर बसा. गल्लीतलं कोनी आत येऊ देऊ नका."

स्वतःच्या घरातून बाहेर! कुंदाबाईंचा चेहरा लाल झाला. पण विहिणीशी पहिल्याच दिवशी भांडण नको म्हणून त्या ओट्यावर येऊन बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हाताने पुढे जा म्हणून खुणावत राहिल्या. आतून मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग खोबरं भाजल्याचा वास. मग बराच वेळ काहीच नाही. तासभर झाला असेल, आणि वाटीवर चमचा वाजला.

कुंदाबाई ताडकन उठल्या. हा आवाज त्या झोपेतही ओळखत. अकरा वर्षं याच आवाजावर त्यांनी दारं ढकलली होती.

"काय देई राहिन्यात तुमी मनी नातले?" दार उघडता उघडताच त्या ओरडल्या.

खाटेवर सुगंधाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ज्योत्स्ना त्यांच्या अंगावर रेलली होती. सासूच्या हातात हळिवाच्या खिरीची वाटी होती, चमचा सुनेच्या तोंडाशी. बाळ नुसत्या टोपीवर, आईच्या उघड्या छातीला चिकटलेलं, वरून दोघींना मिळून एक लुगडं. आणि ते पीत होतं. घुटके ऐकू येत होते. म्हणजे, कुंदाबाई ओरडेपर्यंत येत होते. त्या आवाजाने बाळ दचकलं, छाती सोडली आणि रडायला लागलं.

"आत्ता कुठी धरलं व्हतं तिनं," सुगंधाबाई एवढंच म्हणाल्या.

ज्योत्स्नाने बाळाला थोपटलं. तिचा आवाज चढला नाही, पण शब्द कापरे होते. "माय, चार दिन व्हयनात. पोरनं तू बठ्ठं इचारस. कितला मिनिट, कोनती बाजू. माले एक डाव तरी इचारं का? लघवीले बसनू का टाका असा झोंबतस, जीव जास. म्हनीसन मी पानीच सोडी दिधं. तू वही लिसन उभी राहस, तुले काय सांगू?"

कुंदाबाई दारातच खाली बसल्या. टाके झोंबतात तेव्हा वरून कोमट पाणी ओतत बसावं, पाणी कमी करू नये, उलट भरपूर प्यावं, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? परक्या बाईनेही विचारलं असतं तर चटकन सांगितलं असतं. आणि पोटची पोर चार दिवस तहानलेली पडली होती. कुंदाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

"मनी चूक व्हयनी, बेटा," त्या म्हणाल्या. मग सरकत सरकत खाटेपाशी गेल्या, लेकीच्या पायावर हात ठेवला. "सांग. काय काय दुखस?"

ज्योत्स्नाने सांगितलं. टाके, कंबर, कळा थांबेनात तेव्हा वाटलेली भीती, आणि बाळ हातात दिलं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी नुसती झोप आली म्हणून वाटलेली लाज. सांगता सांगता ती रडली आणि मध्येच हसलीही. या बोलण्यात बाळाने तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि आपलं आपण शोधून घेतलं. ते किती मिनिटं प्यायलं, कोणी मोजलं नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना कुंदाबाईंनी हळूच विचारलं, "त्या पितळी डबीत काय शे, विहीनबाई?"

"घुटी," सुगंधाबाई निर्विकारपणे म्हणाल्या. "तिच्या आजेसासूनं देल्ली. पन ज्योत्स्ना म्हने, माही माय डबी विहिरीत फेकीन. म्या काढलीच नही."

"काढू बी नका," कुंदाबाई म्हणाल्या, आणि दोघी चुलीपुढे बसून इतक्या हसल्या की आतून ज्योत्स्नाने काय झालं म्हणून हाक मारली.

पाचव्या दिवशी सकाळी काट्यावर आकडा आला दोन किलो चारशे दहा. तीस ग्रॅम! मूठभर डाळीएवढं वजन, पण कुंदाबाईंनी सबंध गल्लीला ओरडून सांगितलं. सांगताना "माझ्या विहीणबाईंनी केलं" हेही सांगितलं. नकोबाईंच्या तोंडून सासूचं कौतुक ऐकायला गल्लीतल्या सासवा दारादारांत येऊन उभ्या राहिल्या.

मग पिशवी घेऊन त्या कामाला निघाल्या. गावाच्या टोकाला वना नावाच्या तरुणाच्या घरी त्याची बायको रूपा पहिलटकरीण होती. बाळाला एकवीस दिवस झाले होते, म्हणजे आज आशाताईंच्या ठरलेल्या भेटीचा दिवस. रूपा मोठी गुणी. कुंदाबाई दिसल्या की बाळाचे कपडे काढून त्याला तयार ठेवी, विचारलेल्याला हो-नाही उत्तर देई. आजही तिने रेशनकार्ड पुढे करावं तसं बाळ पुढे केलं.

"ऱ्हाऊ दे त्याले जराखं," कुंदाबाई म्हणाल्या आणि तिच्याजवळ सतरंजीवर बसल्या. "तू कशी शे, माय?"

"नीट शे," रूपा म्हणाली.

कुंदाबाई उठल्या नाहीत. पिशवीही उघडली नाही. रूपाने थोडा वेळ बाळाची टोपी सारखी केली, मग पुन्हा सारखी केली. मग तिने उठून दार लोटलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "अक्का, माले रोज रडू येस. सकायपाईन येस. कसाले येस, समजत नही. कोनले सांगानी बी लाज वाटस."

कुंदाबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं. सांगण्यासारखा एकही ‘नको’ त्यांच्यापाशी नव्हता. "उद्या आपन दोन्हीजनी नर्सबाईकडे जाऊ," त्या म्हणाल्या. "आज तू सांग, मी आयकस." रूपाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बोलायला लागली.

या घरी त्या याआधी तीनदा येऊन गेल्या होत्या. बाळाचं वजन, ताप, नाळ, तिन्ही वेळा सगळं बरोबर लिहिलं होतं.