तिसरी किल्ली

तिसरं दार

"दोनच?" तिने विचारलं.

शिपाई मामांनी नव्या कुलपाचं पाकीट उलटं करून झटकलं. आणखी काही पडलं नाही.

"दोनच येतात म्हणे."

"तीन येतात," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

पण आधीची दोन दारं सांगायची राहिली.

पहिलं दार

पोलीस ठाण्याचं. हवालदार बाईंनी तक्रार लिहून घेतली, ओठावरचे टाके पाहिले, पाणी दिलं. "आता घरी जाऊ नका. जिथे राहाल तिथे कुलूप तेवढं चांगलं बघून घ्या."

तिला हसू आलं. टाके ताणले.

"हसायला काय झालं?"

"नवरा कुलूपवाला आहे माझा."

दुसरं दार

भावाचं. भावजयीने हाताला धरून आत घेतलं.

"ताई, बिनधास्त राहा," भाऊ म्हणाला. "दाराची काळजीच नको. दाजींनी स्वतः बसवून दिलंय कुलूप, एक पैसा न घेता."

काय बोलून बसलो ते त्याला मागाहून कळलं. तिघंही दाराकडे बघत राहिली.

विकलेल्या प्रत्येक कुलपाची एक किल्ली नवरा ठेवून घ्यायचा. गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. "हरवली की गिऱ्हाईक रडत इथेच येणार," म्हणायचा. त्या पुसायचं काम तिचं. घराला तो बाहेरून कुलूप घालून जाऊ लागला, तेव्हा तिची किल्लीही त्याच भिंतीवर गेली. तीसुद्धा ती पुसायची.

तिसरं दार, पुन्हा

महिला निवासाचं. आल्या आल्या तिला दारावरच्या कुलपावर नवऱ्याच्या दुकानाचा शिक्का दिसला. तिने निवास चालवणाऱ्या मॅडमना सांगितलं. मॅडमनी लगेच मामांना नवं कुलूप आणायला धाडलं. आलेली बाई कुणाची कोण, हे गुप्त ठेवायचा तिथला नियम. म्हणून मामांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

"कुठून आणलंत?" मॅडमनी आता विचारलं.

"आपल्या नेहमीच्या दुकानातून. फार भला माणूस. कुठल्या दाराला हवंय, नवीन कोणी आलंय का, सगळं आपुलकीने विचारलं. संध्याकाळी स्वतः येतो म्हणाले बसवायला. मजुरी नको म्हणाले."

मामांनी एकदा मॅडमकडे, एकदा तिच्या ओठाकडे पाहिलं. हातातलं पाकीट त्यांनी हळूहळू चुरगाळलं.

"तुमचं काही चुकलं नाही, मामा," ती म्हणाली.

मॅडमनी ठाण्यात फोन लावला. "हो... नाही, अजून आलेला नाही... अहो, पण आल्यावर..." त्यांनी फोन ठेवला. "आला की कळवा म्हणतात."

मग त्यांनी आपल्या टेबलावरची कागदपत्रं जमिनीवर ठेवली आणि टेबलाची एक बाजू धरली. दुसरी मामांनी. टेबल दाराला नेऊन भिडवलं. दार आत उघडणारं होतं, एवढं बरं.

खिडकीतलं ऊन उतरलं होतं. नवं कुलूप खिडकीपाशी पडलं होतं. तिने ते उचललं आणि बाहीच्या टोकाने पुसायला घेतलं. आधी कडा, मग किल्लीचं भोक. अर्ध्यावर तिला आपला हात दिसला.

कुलूप तिने तसंच खाली ठेवलं आणि टेबलाला पाठ लावून बसली.